गावकूस पडले, रेघ राहिली

टेंभुर्णीपासून केपटाउनपर्यंत : वेगळ्या वस्त्यांचा वारसा आणि आपल्या घरातले प्रश्न

टेंभुर्णी हे मुळात एका झाडाचे नाव. उन्हाळ्यात पिवळी, गोड फळे देणारे आणि विड्या वळायला पाने पुरवणारे हे झाड. त्याच्यावरून महाराष्ट्रात अनेक गावांची नावे पडली. त्यातले एक टेंभुर्णी जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यात आहे. दुसरे एक नांदेड जिल्ह्यात आहे. नांदेडच्या टेंभुर्णीचे नाव ऑगस्ट १९७८ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने ऐकले, ते एका खुनामुळे.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव मंजूर केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. गावोगाव घरे जाळली गेली, लोक शेतात आणि दुसऱ्या गावांत पळाले. नांदेडच्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे या मातंग समाजातल्या कार्यकर्त्याला ठार करण्यात आले. विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला पुढे १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. मधली सोळा वर्षे लाँग मार्च, तुरुंगवास आणि बलिदानांची होती.

त्या दिवसांतली एक गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. जाळायला निघालेल्या जमावाला घरे शोधावी लागली नाहीत. कोण कुठे राहतो हे गावाच्या रचनेतच लिहिलेले होते. वस्ती वेगळी, वाट वेगळी, पाणवठा वेगळा. शेकडो वर्षांपूर्वी आखलेली ती रेघ १९७८ मध्ये हल्लेखोरांच्या कामी आली.

जालन्याच्या टेंभुर्णीचे आणि नांदेडच्या टेंभुर्णीचे नाव जसे एक, तसा मराठवाड्यातल्या गावांचा आराखडाही एकच. म्हणून हा विषय कोणा एका गावाचा नाही. आपण मराठवाड्यातले मुसलमान या रेघेच्या कोणत्या बाजूला उभे होतो आणि आज कुठे उभे आहोत, हा या लेखाचा प्रश्न आहे.

गावाचा नकाशा

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी हा बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. या मुलखातले कोणतेही जुने गाव घ्या. उंचवट्यावर गढी किंवा पाटलाचा वाडा. जवळ मारुतीचे देऊळ, चावडी, मशीद. भोवती मातीचे नाहीतर दगडाचे गावकूस आणि त्यात वेस. कुसाच्या आत शेतकरी, सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांच्या आळ्या. कुसाबाहेर महारवाडा आणि मांगवाडा.

या बाहेरच्या वस्त्या कुठे असाव्यात याचेही दंडक होते. आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, म्हणून पुष्कळ ठिकाणी महारवाडा पूर्वेला असे. तिकडचा वारा गावावर येऊ नये, हा हेतू. नदीवर पाणी भरायची जागा गावाची वरच्या अंगाला आणि त्यांची खालच्या अंगाला. मात्र गावाचे रक्षण, सीमेची साक्ष, सरकारी निरोप, मेलेली जनावरे ओढून नेणे ही कामे बाहेरच्यांचीच. ज्यांच्या श्रमावर गाव चालले, त्यांना वेशीच्या आत राहायला जागा नव्हती.

या रचनेत मुसलमान कुठे होता? तो कुसाच्या आत होता. मुलाणी हा बलुतेदारांपैकी एक. जनावर हलाल करणे आणि मशिदीची देखभाल हे त्याचे काम. तांबोळी, अत्तार, पिंजारी, बागवान, शिकलगार, कुरेशी यांचे धंदे गावाशी आणि बाजाराशी बांधलेले. गरिबी होती, मानही बेताचाच होता, पण विहिरीवर जाता येत होते. गावकुसाची झळ आपल्या आजोबा-पणजोबांना तशी बसली नाही, जशी वेशीबाहेरच्यांना बसली.

हैदराबाद संस्थानाचा राज्यकर्ता मुसलमान होता, हेही इथे विसरता येत नाही. दरबार बदलले, तरी गावकुसाबाहेरची वस्ती बाहेरच राहिली. निजामाच्या राजवटीत महसूल गोळा झाला, जहागिऱ्या दिल्या-घेतल्या गेल्या, पण खेड्यातला पाणवठा ज्याच्या ताब्यात होता त्याच्याच ताब्यात राहिला.

कायदा झाला, पाटी बदलली

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली आणि तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता संपुष्टात आणली. १९५५ मध्ये अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरवणारा कायदा झाला. पुढे तोच नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जाऊ लागला. १९८९ मध्ये अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणारा कायदा आला. २०१५ च्या दुरुस्तीने विहीर, नदी, रस्ता, स्मशान यांचा वापर करू न देणे हाही त्यात स्पष्ट गुन्हा झाला. स्वातंत्र्यानंतर ६८ वर्षांनी संसदेला हे वेगळे लिहावे लागले, यावरून प्रश्न किती चिवट आहे ते कळते.

२ डिसेंबर २०२० रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशा नावांऐवजी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचवली गेली. निर्णय चांगलाच होता. पत्ता सांगताना मुलाला मान खाली घालावी लागू नये, ही साधी माणुसकी आहे. पण पाटी बदलली म्हणून त्या वस्तीकडे जाणारा रस्ता आपोआप डांबरी होत नाही.

गावकूस आज बहुतेक गावांत उरलेले नाही. माती वाहून गेली, दगड लोकांनी घरांच्या पायात घातले. पण भिंत गेली तरी तिच्या दोन्ही बाजूंची घरे जागच्या जागीच राहिली. कारण जमीन बदलली नाही.

जमीन हेच मूळ

ज्यांच्या वाट्याला शेती आली नाही, ते पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर राबले. म्हणूनच दादासाहेब गायकवाड यांनी १९५३ मध्ये मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला आणि १९६४ मध्ये तो देशभर नेला. मागणी सरळ होती : पडीक सरकारी जमीन, गायरान, कसणाऱ्या भूमिहीनाच्या नावे करा. पुढे एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियानाच्या माध्यमातून मराठवाड्यात गायरानाची लढाई चालवली. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. तरीही सातबाऱ्यावर नाव चढवायला तहसीलच्या पायऱ्या झिजवणारी कुटुंबे आजही आहेत. गायरानावरून होणाऱ्या मारहाणीच्या बातम्याही अधूनमधून येत राहतात.

जमिनीचा हा धागा किती बळकट आहे, याचे एक उदाहरण मराठवाड्यानेच पाहिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. त्यांतली सुमारे पन्नास गावे नव्या जागी, कोऱ्या जमिनीवर वसवली गेली. जुना नकाशा पुसला गेला होता, नवा काढायची संधी होती. पण घर किती मोठे द्यायचे हे ठरले कुटुंबाकडे शेती किती यावरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला ७५० चौरस फूट. ज्याचे जेवढे गेले तेवढे त्याला, असा त्यामागचा हिशेब. पण ज्याच्या पूर्वजांना जमीन धरूच दिली नव्हती, त्याच्या वाट्याला नव्या गावातही सर्वांत लहान घर आले. भूकंपाने सगळ्यांच्या भिंती पाडल्या. रेघ मात्र कागदावरून पुन्हा जमिनीवर उतरली.

रेघ पुसण्याचा एक मार्ग शाळेतून गेला. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. खेड्यातल्या वेशीबाहेरची मुले नागसेनवनात आली, वसतिगृहात राहिली, प्राध्यापक, लेखक, अधिकारी झाली. त्याच शहरात १९६३ मध्ये डॉ. रफिक झकेरिया यांनी मौलाना आझाद महाविद्यालय उभे केले. मराठवाड्यातल्या कितीतरी मुस्लिम घरांतला पहिला पदवीधर तिथून निघाला. खेड्याने ज्यांना जागा दिली नाही, त्यांना या वर्गखोल्यांनी दिली.

सातासमुद्रापार तीच रेघ

वस्ती पाहून माणसाची किंमत ठरवण्याची पद्धत आपल्याकडे रूढीने चालली. दक्षिण आफ्रिकेत तिचा कायदाच झाला होता. १९१३ च्या जमीन कायद्याने काळ्या लोकांना देशाच्या बहुतेक भागात जमीन विकत घेण्याची बंदी केली. १९५० मध्ये लोकांची वर्णावरून नोंद करणारा आणि कोणत्या वर्णाने कुठे राहायचे ते ठरवणारा, असे दोन कायदे आले. प्रत्येक लहानशा गावाला गोऱ्यांचा मुख्य भाग आणि लांब, धुळीच्या रस्त्यापलीकडे काळ्यांची वस्ती, अशी जोडी झाली. मराठवाड्यातला माणूस ते चित्र पाहील तर त्याला ते अनोळखी वाटणार नाही.

श्वायझर-रेनेके हे असेच एक खेडेवजा गाव. तिथे १९२९ मध्ये गुजरातेतून गेलेल्या एका मुस्लिम दुकानदार कुटुंबात अहमद कथराडा यांचा जन्म झाला. गावात गोऱ्यांसाठी शाळा होती, काळ्यांसाठी होती. हिंदी मुलासाठी नव्हती. म्हणून आठ वर्षांच्या अहमदला आई-वडिलांपासून दूर जोहान्सबर्गला पाठवावे लागले. हाच मुलगा पुढे नेल्सन मंडेला यांच्यासोबत जन्मठेपेवर गेला आणि २६ वर्षे तुरुंगात राहिला, त्यातली १८ रॉबेन बेटावर.

त्या तुरुंगातही रेघ होती. हिंदी म्हणून कथराडांना लांब विजार आणि पाव मिळे. वयाने वडील असलेल्या मंडेलांना, ते काळे म्हणून, अर्धी चड्डी आणि पावाशिवाय जेवण. एकच खटला, एकच शिक्षा, पण ताट वेगळे. सर्वांना सारखे मिळावे म्हणून कैदी वर्षानुवर्षे झगडले. व्यवस्था अशीच चालते : कुणाला अगदी खाली ठेवते आणि मधल्याला थोडेसे अधिक देते, म्हणजे मधला गप्प बसतो. कथराडा गप्प बसले नाहीत.

केपटाउनचा धागा तर थेट आपल्या भाषेपर्यंत येतो. रत्नागिरी आणि आजच्या रायगड भागातले कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे गेले, दुकाने थाटली, मशिदी उभारल्या. १९५० च्या कायद्यानंतर त्यांना ‘हिंदी’ ठरवून रायलँड्ससारख्या वेगळ्या भागात राहायला भाग पाडले गेले. शहराच्या मधोमध असलेला डिस्ट्रिक्ट सिक्स हा सर्वधर्मीय, गजबजलेला भाग ११ फेब्रुवारी १९६६ रोजी ‘गोऱ्यांसाठी’ म्हणून जाहीर झाला. साठ हजारांहून अधिक लोकांना तिथून उठवून शहराबाहेरच्या ओसाड सपाटीवर टाकण्यात आले. घरे बुलडोझरने पाडली, मशिदी मात्र उभ्या राहिल्या. लोक लांबून बस-गाड्यांनी जुम्म्याच्या नमाजला आपल्या जुन्या मोहल्ल्यातल्या मशिदीत येत राहिले.

त्याच शहरात इमाम अब्दुल्ला हारून होते. ते क्लेअरमाँटच्या मशिदीचे तरुण इमाम. त्यांचे काम मशिदीच्या चार भिंतींत भागू शकले असते. पण ते लांगा, गुगुलेथूसारख्या काळ्यांच्या वस्त्यांत जात, तिथल्या कुटुंबांना मदत पोचवत. मे १९६९ मध्ये त्यांना पकडले आणि १२३ दिवसांनी, २७ सप्टेंबर १९६९ रोजी पोलीस कोठडीत त्यांचा मृत्यू झाला. जिन्यावरून पडले, असे तेव्हा सांगितले गेले. २०२३ मध्ये तिथल्या न्यायालयाने तो मृत्यू छळामुळे झाल्याचे मान्य केले. आपली वस्ती सांभाळून बसणे आणि रेघ ओलांडून पलीकडे जाणे, यांतला फरक या इमामांनी जीव देऊन दाखवला.

१९९४ मध्ये ते राज्य संपले. पण जानेवारी २०१९ मध्ये त्याच श्वायझर-रेनेकेतल्या एका प्राथमिक शाळेचे छायाचित्र पसरले. शाळेचा पहिला दिवस, गोरी मुले एका मोठ्या टेबलाभोवती आणि मूठभर काळी मुले दाराजवळ वेगळ्या टेबलावर. मुलांना भाषा कळत नाही म्हणून तसे बसवले, असे कारण दिले गेले. देशभर संताप उसळला. कायदा जाऊन पंचवीस वर्षे झाली होती, तरी त्या वर्गात रेघ बाकीच होती.

जात आणि वंश एक नव्हेत, हे खरे. २००१ मध्ये डर्बनला वंशभेदाविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा जातीचा प्रश्न तिथे घ्यावा की नाही यावर मोठा वाद झाला आणि भारत सरकारने त्याला विरोध केला. शब्दांचा वाद बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरते : जन्मावरून पाणवठा, घर आणि स्मशान ठरत असेल, तर सोसणाऱ्याचा अनुभव सारखाच.

दौलताबादचा हौद

आता आपल्याच अंगणात यावे लागते. १९३४ मध्ये बाबासाहेब आंबेडकर तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. रमजानचा महिना होता. प्रवासाने सगळे धुळीने माखलेले. किल्ल्याच्या दाराशी पाण्याने भरलेला हौद होता. त्यांनी हातपाय-तोंड धुतले आणि ते आत गेले. तेवढ्यात एक म्हातारा मुसलमान मागून ओरडत आला : यांनी हौद बाटवला. बघता बघता गर्दी जमली, शिवीगाळ सुरू झाली.

बाबासाहेबांनी त्यांना विचारले की तुमचा धर्म हेच शिकवतो का? एखादा अस्पृश्य मुसलमान झाला, तर त्याला या हौदावर येऊ देणार नाही का? या प्रश्नावर जमाव गप्प झाला. अखेर किल्ला पाहायला परवानगी मिळाली, पण पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर आणि सोबत शस्त्रधारी शिपाई देऊन. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. हिंदूला जो अस्पृश्य तो मुसलमानालाही अस्पृश्यच, असा त्याचा निष्कर्ष त्यांनी काढला.

दुसरी बाजूही इतिहासात आहे. महाडला मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर हल्ला झाला, तेव्हा कित्येकांना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेला कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. महाड आपण अभिमानाने सांगतो. दौलताबादही मुलांना सांगायला हवे. दोन्ही आपलाच इतिहास आहे.

दौलताबादच्या त्या जमावाकडे उत्तर का नव्हते? कारण त्यांच्या वागण्याला दीनचा आधार नव्हता. माणसांना एका जोडप्यापासून निर्माण केले, कबिले आणि जमाती केल्या त्या ओळखीसाठी, श्रेष्ठत्व फक्त तक्व्याने, ही सूरह हुजुरातची शिकवण आपल्या घराघरात पाठ आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अखेरच्या हजच्या खुत्ब्यात अरब आणि अरबेतर, गोरा आणि काळा यांच्यातले उच्च-नीच नाकारले. हबशी वंशाचे, एके काळचे गुलाम हजरत बिलाल (रजि.) यांना त्यांनी अजानचा मान दिला आणि मक्का फतह झाल्यावर काबागृहावरून अजान देण्यास सांगितले. हे सगळे त्या म्हाताऱ्यालाही ठाऊक असणार. पण गावाची रीत आणि दीनची शिकवण यांत त्याने रीत निवडली.

आपल्यातल्या रेघा

ही निवड एका हौदापुरती नव्हती. अश्रफ आणि अजलाफ, शेख-सय्यद आणि ‘कामकरी’ बिरादऱ्या, ही उतरंड आपल्यातही चालत आली. रिश्त्याची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न बिरादरीचा आणि दुसरा रंगाचा. ज्या घरात बिलाल (रजि.) यांची गोष्ट मुलांना सांगितली जाते, त्याच घरात सून मात्र गोरी हवी असते. सावळ्या मुलीला पाहायला आलेले लोक चहा पिऊन निरोप न देता निघून जातात. त्या मुलीच्या मनावर जी रेघ उमटते, ती कोणत्याही नकाशात दिसत नाही.

या उतरंडीविरुद्ध आवाज जालन्यातूनच उठला, ही अभिमानाची गोष्ट. जालन्याचे शब्बीर अहमद अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली. विणकर, बागवान, कुरेशी, पिंजारी, छप्परबंद, फकीर अशा बिरादऱ्यांना संघटित केले. अभिनेते दिलीपकुमार या चळवळीत त्यांच्यासोबत उभे राहिले आणि सभांना गेले. १९९४ मध्ये महाराष्ट्र सरकारने मुस्लिम ओबीसींना सवलतींचा हक्क देणारा निर्णय काढला. त्यामुळे कितीतरी मुलामुलींना शिष्यवृत्ती आणि प्रवेश मिळाले. या लढाईत सरकारपेक्षा आधी आपल्याच काही मंडळींची समजूत घालावी लागली. इस्लाममध्ये जात नाही, मग यादीत जात कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. दीनमध्ये नाही हे खरेच. समाजात होती आणि आहे, हेही तितकेच खरे.

कायद्यातली एक रेघ अजून तशीच आहे. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. मुस्लिम आणि ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने ही धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा आयोग नेमला गेला. मैला उचलणाऱ्या, झाडू मारणाऱ्या मुस्लिम कुटुंबांसाठी हा कागदी वाद नाही. मुलाच्या नोकरीचा प्रश्न आहे.

भिंतीच्या दोन्ही बाजूंनी

खेड्यात कुसाच्या आत असलेला मुसलमान शहरात आला आणि कुसाबाहेर गेला. नाव ऐकून घर नाकारणे, भाड्याच्या चौकशीत आधी ‘तुम्ही कोण’ विचारणे, मग एकाच मोहल्ल्यात सगळ्यांची दाटी, तिथे बँक कर्ज द्यायला कचरते, गटार तुंबलेले, शाळा लांब. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने भीतीपोटी एकत्र राहण्याची ही गोष्ट आणि त्यामुळे सुटणाऱ्या सोयी नोंदवल्या. आणि दंगलीत जमावाला घरे शोधावी लागत नाहीत, हा १९७८ चा अनुभव आपल्या मोहल्ल्यांनीही घेतला आहे.

म्हणजे भिंतीच्या दोन्ही बाजू आपल्याला माहीत आहेत. घर नाकारले की कसे वाटते हे ज्याला कळते, त्याने दुसऱ्याला पाणी नाकारले जाताना तोंड फिरवू नये. न्याय मागणाऱ्याने आधी तो द्यायला शिकायचा असतो.

घरापासून सुरुवात

मोठे बदल सरकार आणि न्यायालय करतील. पण काही गोष्टी कुटुंबाच्या आणि जमातीच्या हातातल्या आहेत.

घरात धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईचा कप वेगळा ठेवला आहे का, हे आजच पाहा. असेल तर काढून टाका. मुले हे शब्दांवाचून शिकतात.

मशिदीच्या बोअरला पाणी असेल, तर बाहेरच्या भिंतीला एक नळ काढून तो सगळ्या गावाला खुला ठेवता येतो. उन्हाळ्यात मराठवाड्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीला याहून मोठी मदत नाही. हौदाशी जे घडले त्याचे उत्तर या नळाने देता येईल.

कबरस्तानात कोणत्या बिरादरीची मय्यत कोणत्या कोपऱ्यात, असा अलिखित नियम असेल, तर जमातच्या बैठकीत तो उघडपणे मोडीत काढावा. निकाहाच्या बोलणीत बिरादरीआधी मुलाचे चारित्र्य आणि मुलीची मर्जी विचारावी. रंगाचा शब्दच काढू नये. पाहुण्यांनी काढला तर घरातल्या थोरांनी थांबवावे.

शाळेत जाणाऱ्या मुलाला विचारा : तुझ्या शेजारी कोण बसते, डबा कोणाबरोबर खातोस? शालेय पोषण आहार सर्वांनी एका पंगतीत खाल्ला पाहिजे. तसे नसेल तर पालक म्हणून मुख्याध्यापकांशी बोलायचा आपल्याला हक्क आहे.

ईदचा शीरखुर्मा कोणत्या गल्लीपर्यंत जातो आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आपल्या मोहल्ल्यातून पाण्याचा ग्लास पुढे येतो का, हेही पाहण्यासारखे आहे. मराठवाड्यातल्या काही गावांत हे वर्षानुवर्षे चालते. जिथे नाही, तिथे एका घराने सुरू केले तरी पुरे.

शेवटी ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ती भरते आणि प्रत्येक मतदाराला, स्त्रियांनाही, तिथे बोलण्याचा अधिकार आहे. जुन्या वस्तीचे नाव कागदोपत्री बदलले का, नळयोजनेची जलवाहिनी त्या टोकापर्यंत गेली का, स्मशानाला जागा आणि वाट आहे का, हे प्रश्न त्या वस्तीतल्या माणसानेच विचारावेत असे नाही. मोहल्ल्यातल्या दोन माणसांनी उठून ते विचारले, तर सरपंचाला ते एका जातीचे गाऱ्हाणे म्हणून बाजूला सारता येत नाही. ते गावाचे काम होते. पुढच्या ग्रामसभेची तारीख पाहून ठेवा. जाताना घरातल्या मोठ्या मुलांनाही सोबत न्या.